उत्तरेकडील पहिली शिकारयात्रा

बदकांच्या शिकारीवर मराठींत भाषण करावयाचें म्हणजे आरंभींच एका शंकेचें निरसन करणें भाग आहे. भारतांत १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आणि त्यांत १९९१ सालीं झालेल्या दुरुस्तीनें हौसेची शिकार पूर्णपणें बंद झाली. नांदूरमध्यमेश्वरच्या किंवा जायकवाडीच्या पाण्यावर हिंवाळ्यांत उतरणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांकडे आपण दुर्बिणींतूनच पाहतों, आणि तें योग्यच आहे. मग हा विषय कशासाठीं? कारण असें कीं, जें तलवार बदक किंवा जो थापट्या आपल्या तळ्यांवर दिसतो, त्याच जातीचे पक्षी कॅनडाच्या गवताळ मैदानांतून दर शरदांत दक्षिणेकडे जातात. आणि त्यांच्या त्या वाटेवर आज पुष्कळ मराठी कुटुंबें स्थायिक झालीं आहेत. तेथें शिकार कायदेशीर आहे, तिला जुनी परंपरा आहे, आणि ऑक्टोबर जवळ आला कीं शेजारीपाजारी आपल्यालाही बरोबर चलण्याचा आग्रह करतात. मी मिनेसोटा राज्यांत राहतों. मलाही असा आग्रह झाला, आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं मीं पहिली शिकारयात्रा केली. तिची तयारी कशी केली, कोठें चुकलों आणि काय शिकलों, तें आज सांगणार आहें.

प्रथम शब्दांचा एक खुलासा. इंग्रजींत ज्या पक्ष्याला ‘गूज’ म्हणतात त्याला मी कलहंस म्हणेन, आणि ‘स्वॉन’ला राजहंस. हा भेद केवळ कोशांतला आहे असें समजूं नका. तो न ओळखल्यास काय अनर्थ ओढवेल, हें पुढें कळेलच.

आतां आम्ही जेथें गेलों त्या प्रदेशाविषयीं. कॅनडाचे मॅनिटोबा, सॅस्कॅचवान व आल्बर्टा हे तीन प्रांत आणि त्यांना लागून असलेलीं अमेरिकेचीं डाकोटा वगैरे राज्यें हिमयुगांत प्रचंड बर्फाखालीं दडपलेलीं होतीं. दहाबारा हजार वर्षांपूर्वीं तें बर्फ हटलें, आणि त्याच्या मागें जमिनींत लक्षावधि खळगे राहिले. वसंतांत या खळग्यांत पाणी सांचतें. उत्तर अमेरिकेंतील निम्म्याहून अधिक बदकें याच उथळ पाण्याच्या कांठीं जन्मास येतात. एक खळगा बुजवून त्यावर नांगर फिरला कीं पक्ष्यांचें एक घर मोडलें, असा तेथील सरळ हिशेब आहे.

१९३० नंतरच्या दशकांत त्या मैदानांवर भयंकर अवर्षण पडलें. तळीं आटलीं, धुळीचीं वादळें उठलीं, आणि बदकांची संख्या इतकी घटली कीं खुद्द शिकारीच जागे झाले. १९३४ सालीं अमेरिकेंत ‘बदकांचें तिकीट’ निघालें. सोळा वर्षें पुरीं झालेल्या प्रत्येक शिकाऱ्यानें तें विकत घ्यावें आणि त्या पैशांतून पाणथळ जमिनी राखाव्या, अशी ती योजना होती. कॅनडांतही १९८५ पासून परवान्याबरोबर असें तिकीट घ्यावें लागतें. पक्ष्यांना देशांच्या सीमा ठाऊक नसतात, म्हणून कॅनडाच्या वतीनें ब्रिटननें आणि अमेरिकेनें १९१६ सालींच स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणाचा करार केला होता. आजचे सर्व नियम त्या करारावर उभे आहेत. परवान्याचे पैसे भरतांना आपण पुढच्या पिढीच्या पक्ष्यांचा खर्च उचलीत आहों, ही जाणीव नवख्यानें पहिल्या दिवसापासून ठेवावी.

यात्रा ऑक्टोबरांत असली तरी तयारी मार्चमध्यें सुरू करावी, असें माझ्या शेजाऱ्यांनीं मला बजावलें होतें. हे गृहस्थ सत्तरीच्या घरांतले. चाळीस वर्षें उत्तरेकडे जात आलेले. त्यांनीं प्रथम काळ ठरविला. सप्टेंबरच्या आरंभीं मॅलार्ड जातीच्या नराला त्याचें हिरवें डोकें अजून परत आलेलें नसतें. नर आणि मादी दोघेंही तपकिरी दिसतात, आणि नवख्याची फसगत होते. नोव्हेंबरांत पाणी गोठतें आणि पक्षी निघून जातात. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचे दिवस सर्वोत्तम. आर्क्टिक प्रदेशांतून पांढरे कलहंस खालीं उतरलेले असतात, कापणी बहुतेक आटोपलेली असते, आणि धसकटांतून वाटाणा, सातू व गहूं यांचे दाणे सांडलेले असतात. आम्हीं ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरला आणि सॅस्काटूनजवळच्या एका लहान गांवीं उतरावयाचें ठरविलें. मिनिआपोलिसपासून तें अंतर सुमारें दीड हजार किलोमीटर आहे. मोटारीनें दोन दिवस लागतात.

त्यानंतर कागदपत्रें. पारपत्र तर हवेंच. कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारचा स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीचा परवाना वेगळा आणि प्रांताचा परवाना वेगळा, दोन्ही हवेत. कांहीं प्रांतांनीं परदेशी शिकाऱ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातल्या आहेत, म्हणून अर्जाची मुदत उन्हाळ्यापूर्वींच पाहून ठेवावी. बंदूक सीमेपलीकडे न्यावयाची तर तिचें घोषणापत्र भरून द्यावें लागतें. शुल्क भरल्यावर तें साठ दिवस चालतें. पिस्तुल घरींच ठेवावें. घोषणापत्र भरून न्यावें, पण सही मात्र सीमेवरील अधिकाऱ्यासमोरच करावी. मीं उत्साहाच्या भरांत घरींच सही करून ठेवली होती. अधिकाऱ्यानें कांहीं न बोलतां नवा कोरा कागद माझ्या हातीं दिला, आणि मागें मोटारींची रांग उभी असतां मीं तो पुन्हां पहिल्या ओळीपासून भरला. परत येतांना बंदूक आपलीच आहे हें दाखविण्यासाठीं तिचा क्रमांक निघण्यापूर्वीं अमेरिकन जकात खात्याकडे नोंदवून घ्यावा. कुत्रा बरोबर असेल तर त्याला अलर्काची लस टोचल्याचा दाखला घ्यावा. २०२२ पासून पक्ष्यांच्या ज्वराच्या सांथीमुळें मारलेले पक्षी सीमेपलीकडे आणण्याचे नियम वारंवार बदलले आहेत. निघण्याच्या आठवड्यांत ते पुन्हां वाचावे. किती पक्षी मारावे यालाही मर्यादा आहे. सॅस्कॅचवानांत बदकांची मर्यादा दिवसाला आठ अशी असते, आणि त्यांतही एखाद्या जातीला निराळी मर्यादा. दर वर्षींचें पत्रक निघतें. तें खिशांत बाळगावें.

बंदुकीविषयीं थोडें. बारा बोअरची बंदूक बदक व कलहंस दोहोंसही पुरते. तिच्यांत एका वेळीं तीनच काडतुसें बसतील अशी अडसर हवी. हा कायदा आहे. छरे शिशाचे चालत नाहींत. बदकें अन्न दळण्यासाठीं चिखलांतील खडे गिळतात, त्यांबरोबर जुने शिशाचे छरेही पोटांत जातात आणि तीं विषबाधेनें मरतात. म्हणून पाणपक्ष्यांसाठीं शिशाला अमेरिकेंत १९९१ पासून सर्वत्र बंदी झाली, आणि कॅनडांत १९९९ पासून. त्याऐवजीं बहुतेक लोक पोलादाचे छरे वापरतात. पोलाद शिशाहून हलकें, त्यामुळें त्याचा जोर लवकर ओसरतो. छरा दोन क्रमांकांनीं मोठा घ्यावा आणि अंतर कमी ठेवावें. पस्तीस, फार तर चाळीस यार्ड. शेजाऱ्यांनीं मला उन्हाळाभर दर रविवारीं मातीच्या तबकड्यांवर नेम धरावयास लावलें. पंचवीस तबकड्यांपैकीं मीं प्रथम सहा फोडल्या, आणि ऑगस्टअखेर सतरा. “तबकडी चुकली तर तिला दुःख होत नाहीं,” ते म्हणाले, “म्हणून चुकावयाचें तें येथेंच चुकून घे.”

या सर्व सामग्रीहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे जमिनीच्या मालकाची परवानगी. सॅस्कॅचवानांत २०२२ च्या आरंभापासून असा कायदा आहे कीं, शेताला पाटी असो वा नसो, कुंपण असो वा नसो, मालकाच्या आगाऊ संमतीवांचून तेथें पाऊल ठेवतां येत नाहीं. आणि कायदा नसता तरी तीच रीत बरी.

शिकारीची पद्धत अशी आहे. कलहंस रात्रीं मोठ्या पाण्यावर वसतीस असतात. उजाडतां उजाडतां ते थव्याथव्यांनीं उठून कापलेल्या शेतांत चरावयास जातात, दोनतीन तासांनीं पाण्यावर परततात, आणि सायंकाळीं पुन्हां एकदां चरावयास निघतात. ज्या शेतांत ते आज संध्याकाळीं चरले, तेथेंच उद्यां पहांटे येण्याचा संभव फार. म्हणून शिकाऱ्याचें खरें काम आदल्या संध्याकाळीं मोटारींत बसून दुर्बिणीनें थवे कोठें उतरतात तें पाहणें हें आहे. त्यांच्या रात्रीच्या वसतीच्या पाण्यावर मात्र बार काढूं नये. तेथें एकदां त्रास झाला कीं सारा मुलूख सोडून ते जातात.

आम्हांला पहिल्याच संध्याकाळीं सुमारें दोन हजार पक्षी एका वाटाण्याच्या शेतांत दिसले. रूरल म्युनिसिपालिटीच्या कचेरींत नकाशा मिळतो. त्यावर प्रत्येक चौकोनाच्या मालकाचें नांव असतें. तें पाहून आम्हीं शेतकऱ्याचें घर गांठलें. शेजाऱ्यांनीं टोपी काढली आणि दारापासून दोन पावलें मागें उभे राहिले. शेतकरी कापणीच्या कामानें थकलेला होता. त्यानें एवढेंच विचारलें, “तुम्ही किती जण? ओल्या जमिनींत गाडी घालाल काय?” आम्ही दोघेच असून सामान हातानें वाहून नेऊं, असें शेजाऱ्यांनीं सांगितलें. “मागल्या वर्षीं आलेल्या मंडळींनीं माझ्या बांधावर रिकामीं काडतुसें टाकलीं आणि चाकोऱ्या पाडल्या. यंदां मीं कोणालाच हो म्हटलेलें नाहीं,” तो म्हणाला. थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं. मग त्यानें माझ्याकडे वळून विचारलें, “तुमची पहिलीच वेळ?” मीं होकार दिला. “उद्यांची सकाळ घ्या. मग पाहूं.” तो ‘मग पाहूं’ सबंध आठवडाभर आमच्या डोक्यावर टांगलेला होता.

पहांटे चार वाजतां उठलों. पारा शून्याखालीं दोन अंश. लोकरीचे कपडे थरांवर थर घातले, छातीपर्यंतचे रबरी बूट बरोबर घेतले, आणि अंधारांत अर्धा मैल सामान वाहिलें. सामान म्हणजे मुख्यतः डिकॉय, म्हणजे प्लास्टिकचे व कापडाचे खोटे पक्षी. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतात. म्हणून वारा आपल्या पाठीशीं घेऊन खोटे पक्षी नालेच्या आकारांत मांडावे आणि मधली जागा उतरण्यासाठीं मोकळी ठेवावी. आपण धसकटांनीं झांकलेल्या लांबट आडोशांत उताणें पडून राहावयाचें आणि चेहरा झांकून घ्यावयाचा. वरून पाहणाऱ्या पक्ष्याला माणसाचा उघडा चेहरा सर्वांत आधीं दिसतो. सूर्योदयापूर्वीं अर्धा तास कायदेशीर वेळ सुरू होते. तोंपर्यंत बंदूक रिकामी.

श्रोतेहो, उजाडतांना तो आवाज प्रथम कानीं येतो. दूर कोठें तरी बाजार भरला असावा असा तो गलबला असतो. मग क्षितिजावर एक रेघ उमटते, ती हलूं लागते, आणि एकाएकीं सारें आकाश भरून जातें. मी भान विसरलों, आणि माझी चूक नेमकी तेथेंच झाली. शेजाऱ्यांनीं इशारा देण्यापूर्वीं मीं एका करड्या कलहंसावर बार टाकला. अंतर पन्नास यार्डांवर असावें. पक्षी हेलकावला, एक पाय लोंबकळत राहिला, आणि पंख न हलवितां उतरत उतरत तो अर्ध्या मैलावरच्या लव्हाळ्यांत पडला.

शेजाऱ्यांनीं तत्काळ दोन्ही बंदुका रिकाम्या केल्या. वरून थवे येत होते, पण त्यांनीं मान वर केली नाहीं. आम्ही कुत्र्याला घेऊन त्या पाणथळीकडे गेलों. कंबरभर चिखलांत आणि डोक्याएवढ्या लव्हाळ्यांत आम्हीं दुपारपर्यंत शोध केला. तो पक्षी मिळाला नाहीं. जखमी पक्ष्याचा मनापासून शोध घ्यावा असें कायद्यांतही लिहिलेलें आहे. परंतु त्या चिखलांत मला कायदा आठवत नव्हता. कोठें तरी दहा हातांवर तो दडून बसला असेल, एवढेंच आठवत होतें. परततांना शेजारी म्हणाले, “तो तुझ्या आजच्या हिशेबांत धर.” मीं धरला. दुसऱ्या पहांटे मीं अंधारांतच आमच्या जागेपासून पस्तीस पावलांवर चारी बाजूंस धसकटाची एकेक पेंढी उभी केली, आणि तिच्या पलीकडल्या पक्ष्यावर त्यानंतर एकदांही बंदूक उचलली नाहीं. नवख्यानें ही युक्ति पहिल्या दिवशींच करावी.

शेतकऱ्याला आम्हीं त्या संध्याकाळीं झालेली हकीकत सांगितली आणि गोळा केलेलीं काडतुसेंही दाखविलीं. तो एवढेंच म्हणाला, “तो ओढा माझाच आहे. मीं तुम्हांला सकाळभर शोधतांना पाहिलें. शेत आठवडाभर तुमचें.”

चौथ्या दिवशीं दाट धुकें होतें. आम्हीं पांढरे डिकॉय मांडले होते, कारण त्या भागांत पांढरे कलहंस फार उतरले होते. यांची संख्या गेल्या कांहीं दशकांत एवढी वाढली आहे कीं, आर्क्टिकमधील त्यांच्या विणीच्या जमिनी खरवडल्या गेल्या, आणि १९९९ पासून अमेरिकेंत वसंतांतही ते मारण्याची विशेष परवानगी द्यावी लागली. पांढरें अंग, पंखांचीं टोकें काळीं, ही त्याची खूण मला पाठ होती. धुक्यांतून तीन पक्षी खालून, अगदीं खालून आले. पांढरें अंग, पंखांचीं टोकें काळीं. ते माझ्या पेंढीच्या आंत होते. बंदूक खांद्याला लागली आणि बोट चापाच्या कडीपाशीं गेलें.

“मान पाहा. पाय पाहा,” शेजारी कुजबुजले.

मान लांब आणि ताठ होती. पाय शेपटीच्या मागें लांबवर ताणलेले होते. तिघांपैकीं एकाच्या पांढऱ्या अंगावर तांबूस छटा होती. तें त्या वर्षींचें पिलूं. ते कलहंस नव्हते. ते व्हूपिंग क्रेन, म्हणजे धवल क्रौंच होते. उत्तरेकडील वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानांत वीण करून टेक्सासच्या समुद्रकांठच्या अरान्सासला जातांना ते शरदांत सॅस्कॅचवानच्या शेतांत विसावतात. १९४१ सालीं त्या थव्यांत अवघे पंधरासोळा पक्षी उरले होते. त्यांचें विणीचें ठिकाणही १९५४ पर्यंत कोणास ठाऊक नव्हतें. ऐंशी वर्षांच्या जपणुकीनें आज ते पांचशेंहून अधिक झाले आहेत. त्यांतील एका कुटुंबावर माझी बंदूक रोखलेली होती.

मीं ती खालीं ठेवली. हात कांपत होते. क्रौंचाच्या जोडप्यावर बाण सुटला आणि त्या शोकांतून आदिकाव्य जन्मास आलें, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतों. परंतु त्या कथेंतील निषाद आपणही होऊं शकतों, हें मला त्या धुक्यांत प्रथम कळलें. निषादानें निदान पाहून बाण मारला होता. मी न पाहतां मारणार होतों.

ते तिघे धुक्यांत दिसेनासे झाले. शेजाऱ्यांनीं थर्मासमधला चहा ओतला, माझ्या हातीं दिला, आणि सूर्य वर येऊन धुकें विरेपर्यंत आम्ही दोघेही नुसते बसून राहिलों. राजहंसही पांढरा असतो आणि त्याच्यावर तेथें बंदूक उचलतां येत नाहीं. त्याच्या पंखांना काळीं टोकें नसतात. ही ओळख पुस्तकांत आणि प्रत्यक्ष पाण्यावर, बंदूक हातीं घेण्यापूर्वीं महिनोन्महिने करून घ्यावी. माझ्या साऱ्या तयारींत नेम धरण्याला मीं पांच महिने दिले होते, आणि पक्षी ओळखण्याला दोन संध्याकाळी. पुन्हां पहिल्यानें जावयाचें झालें तर मी हें प्रमाण उलट करीन.

यात्रेच्या अखेरीस आमच्या दोघांच्या वांट्यास मर्यादेहून पुष्कळच कमी पक्षी आले. प्रत्येक पक्ष्याचा एक पंख पिसांसह तसाच ठेवावा लागतो, म्हणजे तपासनिसाला जात ओळखतां येते. दोन कलहंस आम्हीं साफ करून, नांव, परवान्याचा क्रमांक व तारीख यांची चिठी बांधून, शेतकऱ्याच्या घरीं दिले. उरलेल्यांच्या छातीचें मांस शेजाऱ्यांनीं लोखंडी तव्यावर भाजलें. मांड्या मात्र चिवट असतात, म्हणून त्या लोक टाकून देतात. मीं त्या घरीं आणून, कांदाखोबऱ्याचें वाटण लावून, मंद आंचेवर चार तास रस्सा केला. शेजाऱ्यांनीं दोनदां वाढून घेतला आणि म्हणाले कीं, चाळीस वर्षें आपण अन्न फुकट घालविलें. मारलेल्याचा कण वायां जाऊं न देणें, हाही शिकारीचाच भाग आहे.

आमच्यांतील ज्यांना यंदां असें आमंत्रण येईल, त्यांना माझें सांगणें थोडकें आहे. कागद वेळेवर करा. शेताच्या मालकाचें दार स्वतः ठोठवा. अंतराची खूण रोवा. आणि मान व पाय दिसल्यावांचून बंदूक उचलूं नका. मग एकही पक्षी हातीं आला नाहीं, तरी पहांटेचा तो गलबला ऐकून तुम्ही घरीं याल, आणि येत्या जानेवारींत नांदूरमध्यमेश्वरच्या कांठीं दुर्बीण घेऊन उभे राहिलांत, तर समोरच्या तलवार बदकाकडे जरा निराळ्या डोळ्यांनीं पाहाल.